बुजवलेला चर

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून डोंगर चढताना मी मधूनमधून फोटो काढायला थांबतो. कशाचे फोटो, हे बरोबरचं कुणी विचारत नाही, एवढी माणुसकी जगात अजून आहे. एकाच चढावरच्या एकाच मोहाच्या झाडाचे इतके फोटो माझ्या मोबाइलमध्ये साठलेत की एकदा मुलगा म्हणाला, "पप्पा, आ झाडनो पासपोर्ट कढाववानो छे?"

तो चढ सुरतेपासून चांगलाच लांब आहे. उकाईचं धरण मागे टाकायचं, बस बदलायची, मग जीपच्या मागे लटकायचं आणि उरलेलं पायी. गुजरात कुठे संपला ते फोनवर स्वागताचा मेसेज आला की कळतं. थोडं पुढे गेलं की फोनच संपतो. तिथे वर एक पाडा आहे. त्याचं नाव सांगत नाही. माझ्या अर्जांच्या कृपेने ते आधीच बऱ्याच साहेबांच्या टेबलांवर धूळ खात पडलं आहे.

मी स्वतः पर्वत पाटियाच्या बाजूला, कापड मार्केटात, साड्यांच्या एका दुकानात मेहताजी आहे. म्हणजे बिलं, पार्सलांच्या पावत्या आणि शेठचा राग सांभाळणारा माणूस. वडील खानदेशातून लूमवर कामाला आले. मी लूमच्या खडखडाटात अभ्यास केला, म्हणून मोठ्याने बोलतो. मराठी, गुजराती, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी लिहिता येतं. चार भाषांत लिहिणारा माणूस एकाही भाषेत धड लिहीत नाही, असं शेठचं मत आहे. पण अर्ज लिहायला धड भाषा लागतेच कुठे?

हे लचांड मागे लागलं ते चलथाणला. तिथे साखर कारखान्याच्या अंगाला माझे साडू राहतात आणि त्यांच्या घरामागे, उसाच्या शेताला लागून, तोडणीवाल्यांचा पडाव पडतो. एका रविवारी आम्ही दोघं साडू जेवून सुपारी कातरत बसलो होतो. पडावातला एक माणूस कुंपणापाशी येऊन उभा राहिला. हातातला कोयता त्याने मागे धरला होता, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून.

"भाऊ, तुम्ही अर्ज लिहिता असं कळलं."

"कोण म्हणालं?"

"हे म्हणाले."

साडूंनी एकदम सुपारीत लक्ष घातलं.

त्याच्या पाड्यावरच्या बालवाडीला दिवा हवा होता, सौर. मी अर्ज लिहिला आणि तो मंजूर झाला. तिथेच घात झाला. जुगारात पहिला डाव जिंकणाऱ्याचं जे होतं ते माझं झालं. आजूबाजूच्या पाड्यांत बातमी गेली की सुरतेत एक मेहताजी आहे, तो कागद पाठवतो आणि वस्तू येते. मग हातपंपाची दुरुस्ती, पिठाची गिरणी, दवाखान्याच्या वाटेवरचा छोटा पूल, असं एकेक सुरू झालं. वस्तू मात्र क्वचितच आली. बहुतेक अर्जांना उत्तर यायचं की आपला प्रस्ताव स्तुत्य आहे. स्तुत्य हा शब्द दिसला की मी पुढचं वाचत नाही.

देणारे लोक वाईट नसतात. त्यांची फक्त एक भाषा असते. 'पाणी नाही' असं लिहिलं तर ते पान उलटतात. 'शाश्वत जलस्रोताच्या अभावी महिला लाभार्थींवर पडणारा भार' असं लिहिलं की थांबतात. ही भाषा मी दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून शिकलो. घरीही ती तोंडात यायला लागली. एकदा मी म्हणालो की स्वयंपाकघरातल्या नळाबाबत तातडीच्या हस्तक्षेपाची गरज आहे. बायको आमच्या अहिराणीत म्हणाली, "हस्तक्षेप नको. पाना ल्या अन् नट कसा."

तर, पाण्याचा अर्ज.

पडावातल्या त्या माणसाची बायको हिवाळ्यात पडली. पाड्याखाली दरीत डोह आहे, तिथून हंडा घेऊन चढताना तिचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात ते जोडलं, पण चाल गेली. काठी टेकत अंगणापर्यंत, एवढंच. नवरा तेव्हा उसात, चलथाणला. मग पाणी कोण आणणार? आश्रमशाळेच्या वसतिगृहात आठवीला असलेली पोरगी घरी आणली. ती वार्षिक परीक्षेला गेलीच नाही.

मला हे त्या आईनेच सांगितलं, अंगणात बसून, उडीद पाखडत. रडली वगैरे नाही. "दादा, पाणी दारात आलं की हिला परत पाठवीन. नाही आलं तर हिचं लगीन करावं लागेल. नुसती पाण्यामागे किती वर्षं ठेवू?"

पोरगी तिथेच होती. भरलेला हंडा उतरवत होती. तिने ऐकलं आणि दुसरा हंडा उचलून निघून गेली.

पाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या घडीत, एक झरा आहे. बारमाही, पण वाट अशी की बकरीसुद्धा विचार करून पाय टाकते. तिथून नळी टाकली की पाणी आपोआप खाली उतरेल, पाड्यात एक टाकी आणि टाकीला नळ. एवढंच काम. हजीऱ्याकडे, समुद्राच्या बाजूला, जे मोठाले कारखाने आहेत त्यांतल्या एकाच्या धर्मादाय ट्रस्टकडे मी अर्ज टाकला. त्यांच्या अटींत 'लोकसहभाग' होता. मी पाड्यावर विचारलं, तुम्ही काय करणार?

"चर आम्ही खणू," पाड्याचा म्हातारा कारभारी म्हणाला. "नळी पुरायला."

मी लिहिलं, 'चर खोदाई ग्रामस्थ करतील.' भविष्यकाळात लिहिलं होतं. मला वाटलं, भविष्यकाळ सगळ्यांना कळतो.

उन्हाळ्यात ट्रस्टचा माणूस पाहणीला आला. तरुण इंजिनिअर, पायात धावायचे बूट, स्वभावाने गोड. मला अंकल म्हणायचा. चढावर मी मोहाचे फोटो काढत मागे राहिलो, म्हणून वरचा गोंधळ मला उशिरा कळला. पोचलो तेव्हा ढोल वाजत होता, इंजिनिअरच्या गळ्यात पळसाच्या पानांत गुंफलेला हार होता, आणि तो उभा राहून जमिनीकडे बघत होता.

झऱ्यापासून पाड्यापर्यंत, सरळ, दोरी लावल्यासारखा, कंबरभर खोल चर खणून तयार होता.

"अंकल, ये क्या है?"

"लोकसहभाग," मी म्हणालो.

त्याने मला बाजूला घेतलं. त्यांच्या ट्रस्टचा नियम साधा होता: मंजुरीआधी सुरू झालेल्या कामाला अनुदान नाही. काम सुरू झालेलं असेल तर हिशेब तपासणारे विचारतात की पैसा आधीच कुणी दिला, आता पुन्हा कशाला घेता. त्याचंही खरं होतं. मी मार्केटात मेहताजी आहे, मला हे कळायला हवं होतं, आणि कळतही होतं. फक्त हे इथे, बोकडाचा रस्सा चुलीवर रटरटत असताना, कुणाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

"तुम्ही थांबायचं होतं," मी कारभाऱ्याला म्हणालो.

म्हाताऱ्याला माझं म्हणणंच कळलं नाही. त्यांच्याकडे लाह असते. एखाद्याचं घर बांधायचं, शेताचा बांध घालायचा, काम एका घराला झेपणारं नसलं की तो लाह बोलावतो. सगळा पाडा आपापलं फावडं, कुदळ घेऊन येतो, मजुरी कुणी घेत नाही, बोलावणाऱ्याने जेवू घालायचं. पण त्यातही एक रीत आहे. हात न लावलेल्या कामाला माणसं बोलवायची नाहीत. घर असेल तर पहिला खांब आपण पुरायचा. रिकाम्या जमिनीवर उभं राहून 'या, मला मदत करा' म्हणणं म्हणजे लाज.

"तुमच्या कंपनीलाही आम्ही लाहला बोलावलं ना," म्हातारा समजावून सांगत होता. मी शहरातला, मला उशिरा कळतं. "मग त्यांच्याआधी सुरुवात नको? ते येऊन बघतील, इथे नुसतं गवत. म्हणतील, हे लोक हात बांधून बसलेत."

लाह कुणी बोलावली होती? त्या आईने. बोकड तिचा होता. काठी टेकत ती वरपर्यंत जाऊ शकत नव्हती, म्हणून पहिली कुदळ पोरीने मारली होती.

जेवताना इंजिनिअर माझ्या शेजारी बसला. नागलीच्या भाकरीचा तुकडा मोडत तो रश्श्याकडे बघून बोलू लागला, जणू त्याच्याशीच.

"अंकल, मैंने अभी फोटो नहीं लिया है।"

"हो."

"मैं वापस आऊँगा, बारिश से पहले। तब अगर यहाँ सिर्फ़ ज़मीन होगी, तो मुझे ज़मीन ही दिखेगी।"

मग त्याने अजून थोडा रस्सा मागून घेतला. भला मुलगा. त्याला दोष देणं मला आजही जमत नाही.

तो गेल्यावर मी सांगितलं. सगळे त्या आईच्या अंगणात बसले होते. मी आधी ऑडिट समजावलं, मग नियम समजावला, मग दोन्ही पुन्हा एकदा उलट्या क्रमाने समजावले. शेवटी कारभारी म्हणाला, "म्हणजे खणलेलं बुजवायचं."

"हो."

"आणि मग कंपनी येऊन खणणार."

"हो."

"तेच?"

"तेच."

एक जण हसला, मग कुणीच नाही. म्हातारा म्हणाला, "लाहचं काम आम्ही मोडत नाही. कुणी केलंय असं, ऐकलं नाही. मेलेल्या माणसाचंही अर्धं घर आम्ही पुरं करतो." तो मला टोमणा मारत नव्हता, हेच जास्त लागलं. मी म्हणालो की नाही बुजवलं तरी चालेल, मी दुसऱ्या ट्रस्टला लिहितो. दुसरा ट्रस्ट म्हणजे अजून एक वर्ष, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही एव्हाना माहीत झालं होतं.

आई खांबाला टेकून बसली होती. तिने विचारलं, "बुजवलं तर पाणी कधी?"

"दिवाळीपर्यंत. बहुतेक."

ती मनाशी महिने मोजू लागली. पावसाळ्यात नवरा घरी असतो, पागोळ्यांचं पाणी असतं, वस्तीजवळचे ओहोळ वाहतात. तोवर पोरीवाचून चालेल. दिवाळीनंतर नवरा टोळीबरोबर उसाला जातो, ओहोळ आटतात, मग खालचा डोह. हे सगळं तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, मला वाचता येईल असं.

"लाह मी बोलावली," ती म्हणाली. "मोडायचं तर मीच म्हणायला पाहिजे. बुजवा."

"पुन्हा बोकड?" कुणीतरी विचारलं.

"नाही. मोडायला जेवण नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. खणायला आले तेव्हा गाणी होती म्हणे. बुजवताना कुणी बोलत नव्हतं. मीही फावडं घेतलं. थोड्या वेळाने एका बाईने ते माझ्या हातातून काढून घेतलं, कारण मी माती चराच्या बाहेर टाकत होतो. चर जिथे अंगणाशी येऊन संपत होता तिथलं शेवटचं हातभर अंतर आईने बसल्या बसल्या, हातांनी भरलं. वर गवताची ढेकळं लावायला मात्र पाड्याने नकार दिला. एवढं खोटं जमिनीला लावायचं नाही, असं ठरलं.

इंजिनिअर पावसाआधी आला, झऱ्यापासून अंगणापर्यंत गेलेल्या त्या ताज्या मातीच्या लांबलचक पट्ट्याकडे त्याने बघितलं आणि म्हणाला, "अच्छी ज़मीन है।" फोटोही काढले.

जूनमध्ये पोरगी पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत गेली. नववीत; बुडालेली परीक्षा शाळेने नंतर घेतली होती. मला हे तिच्या बापाने जीपच्या फाट्यावरून फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "दिवाळी, भाऊ." मी म्हणालो, "दिवाळी." हा शब्द मी तेव्हा इतक्या सहज कसा उच्चारला कोण जाणे. अनुदानाच्या कामांत इतकी वर्षं गेल्यावर तरी माणसाने 'बहुतेक' हा शब्द सोडायला नको.

मंजुरी गणपतीत आली. मी घरी पेढे आणले. नळ्या हजीऱ्याच्या रस्त्यावर एका गोडाऊनमध्ये येऊन पडल्या, तेही कळलं. आणि तिथेच पडून राहिल्या. इंजिनिअरची बदली झाली होती. नव्या साहेबांना माल सोडण्यासाठी एक सही हवी होती आणि ती ज्यांची हवी होती ते सुट्टीवर होते. ते आले तेव्हा दिवाळीचा आठवडा आला आणि नवे साहेब गावी गेले.

दिवाळीत तुमच्याकडे काय असतं माहीत नाही, मार्केटात आमचं मरण असतं. तरी मी वेळ काढून ट्रस्टच्या ऑफिसात जायचो. शहराच्या पार एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. रिसेप्शनवरच्या मुलीने मला पाण्याची बाटली द्यायला सुरुवात केली, इतकी ओळख झाली. थंडगार, झाकणाला पाणी सुटलेली बाटली. मी ती पिऊन घ्यायचो. तहान लागलेली असायची, काय करणार?

"आपला कोन लागस तो पाडा?" बायको म्हणाली. मी पाय चेपत बसलो होतो. रागाने नव्हती म्हणाली. तिला खरंच विचारायचं होतं.

मी दुसरा पाय चेपायला घेतला. तिने तेलाची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुम्हनं तुम्ही चोळा."

दिवाळी होऊन गेल्यावर मी चलथाणला गेलो, साडूंचं निमित्त करून. पडाव पडला होता. तो माणूस उसाच्या पाचटावर बसून कोयत्याला धार लावत होता. पोरगी सुट्टीला घरी आली ती परत गेली नव्हती. शाळा उघडून बरेच दिवस झाले होते.

"ती भरते ना पाणी," तो म्हणाला. "तुमची नळी आली का?"

"येईल."

"नाही, मी आपलं विचारलं." मग चहा ठेवला त्याने. माझ्यासाठी कप होता, त्याने स्वतः झाकणात घेतला.

दुसऱ्याच दिवशी मी त्या ऑफिसात जाऊन बसलो आणि उठलो नाही. शूरपणा नव्हता त्यात. उठायची ताकद नव्हती. संध्याकाळी झाडूवाला आला तेव्हा नव्या साहेबांनी केबिनच्या काचेतून मला पाहिलं, बाहेर आले आणि सही केली. ज्यांची सही हवी होती ते हे नव्हते. पण चाललं. इतके दिवस का चाललं नसतं, हे मी विचारलं नाही.

नळ्या वर गेल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. ठेकेदाराच्या माणसांनी चर खणला. माती फार मऊ निघाली, असं ते म्हणाले. अशा डोंगरात असं काम त्यांना कधी मिळालं नव्हतं. पाड्यातले लोक बाजूला बसून बघत होते. मदतीला कुणी उठलं नाही. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

नळ सुरू झाला त्या दिवशी मी होतो. आधी हवा आली, मग लाल पाणी, मग चांगलं. आईने अंगणातून उठून, काठीने, पंधरावीस पावलं चालून स्वतः एक तांब्या भरला. प्यायली. दुसरा भरून मला दिला. मग म्हणाली, "आता हिला घेऊन जा. बाप उसात आहे, मी उतरू शकत नाही."

तेव्हा मी आणि पोरगी उतरलो. उतरतानाही ती दोनदा थांबली, मला फोटो काढायला वेळ मिळावा म्हणून.

आश्रमशाळेच्या अधीक्षिका बाई कार्यालयात हरभरे सोलत बसल्या होत्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही हिचे कोण?"

माझ्याआधी पोरगी बोलली. "हे आमचे अर्ज लिहितात."

"मग लिहा," बाई म्हणाल्या आणि एक कोरा कागद सरकवला. "इतके दिवस गैरहजर का होती, ते."

मी पेन काढलं. 'घरी पाण्याची सोय नसल्यामुळे' एवढं लिहून झालं होतं. पोरगी माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"पाणी नका लिहू, दादा. ताप लिहा."

"का?"

"पाणी कुणाच्याच घरी नाही. तापाला कुणी काही म्हणत नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून हरभरे सोलत होत्या. एक सोललेला दाणा त्यांनी तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "टायफॉइड नका लिहू. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. नुसता ताप."

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. ताप आला होता, आता बरी आहे, वर्गात बसू द्यावं ही विनंती. पालकाच्या सहीच्या जागी माझी सही. बाईंनी वाचला, तारीख टाकायला सांगितली आणि कागद टाचणीने फाइलला लावला.

आत जेवणाची घंटा झाली. पोरीने पेटी उचलली आणि ती घंटेच्या दिशेने गेली, जरा घाईनेच, कारण उशीर झाला की भाजी संपते.